चोवीस सेकंदांचा हिवाळा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला, की मिलिंद स्टूल घेऊन घरभर फिरतो आणि एकेक घड्याळ एक तास मागे करतो. हॉलमधलं, जिन्यातलं, बेडरूममधलं. फक्त ओव्हनच्या घड्याळापुढे माझ्या नवऱ्याने हात टेकले आहेत. त्याची बटणं आम्हा दोघांनाही कधी कळली नाहीत, त्यामुळे ते सहा महिने बरोबर असतं आणि सहा महिने चूक, आणि आम्हीही त्याला समजून घेतो. यंदा घड्याळं आटोपून तो पुलाव करायला स्वयंपाकघरात शिरला आणि फ्रीजरमध्ये डोकं घालून ओरडला, “अगं, मटारच्या दोन पिशव्या आहेत. ‘गुडघा’ लिहिलेली नाही ना घ्यायची?”

“इतक्या वर्षांनी विचारतोस?” मी म्हटलं.

ही पिशवी आमच्या घरची रीत आहे. आता ती माझ्या गुडघ्यासाठी असते. पन्नाशी ओलांडल्यापासून जिना उतरताना तो कुरकुरतो, मग मी ती गार पिशवी त्यावर ठेवून पंधरा मिनिटं बसते. पण रीत पडली ती दुसऱ्याच एका गुडघ्यामुळे. घड्याळं मागे गेली, साडेचारला अंधार पडायला लागला, की मला तो गुडघा आठवतो. त्याच्यामागोमाग अख्खा हिवाळा येतो.

दोन हजार सालचा हिवाळा. मिलिंदला ब्रिस्टलमध्ये विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि मी त्याच्या मागोमाग नागपूरहून दोन बॅगा घेऊन आले होते. तिथे थंडी फार असते, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. अंधाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. नागपूरच्या मुलीला ऊन कमी पडेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. मिलिंद अंधारात जायचा, अंधारात यायचा, आणि मधल्या वेळात मी लायब्ररीत जाऊन हीटरजवळची खुर्ची पकडायची. तिथेच एक हिरवा कागद चिकटवलेला दिसला. व्यावसायिक बास्केटबॉल, रविवारी पाच वाजता, लेझर सेंटर, म्हणजे तिथलं क्रीडासंकुल. मी तो दोनदा वाचला.

बास्केटबॉल म्हणजे माझ्यासाठी शाळेमागचं सिमेंटचं मैदान, तापलेल्या सिमेंटचा वास आणि बाबांची शिट्टी. बाबा पीटीचे मास्तर. दहाव्या वर्षापासून लग्नाच्या आदल्या महिन्यापर्यंत मी खेळले. एक पैसा मिळाला नाही, मिळावा असं वाटलंही नाही. फुटबॉलवेड्या या देशात बास्केटबॉल खेळण्याचा कुणाला पगार मिळतो, याचीच मला गंमत वाटली. रविवारी मिलिंदला म्हटलं, “मी जाऊन येते.” तो म्हणाला, “एकटीच? बरं, मफलर घे.”

व्यावसायिक या शब्दाने मी काहीतरी झगमगाट डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात हॉलला शेजारच्या स्विमिंग पूलमधल्या क्लोरीनचा वास होता. जमिनीवर बॅडमिंटनच्या, व्हॉलीबॉलच्या आणि आणखी कुठल्या कुठल्या खेळांच्या रंगीत रेघा होत्या आणि त्यांतून बास्केटबॉलच्या रेघा शोधून काढाव्या लागत होत्या. दोन-तीनशे माणसं, निम्मी पोरंसोरं. लोक कांदा घातलेले हॉट डॉग खात होते. आणि मधोमध सहा-साडेसहा फुटांची ती माणसं सराव करत होती. चेंडू जमिनीवर आपटल्याचा पहिला आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

सामना सुरू व्हायच्या आधी पॅट नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई घाईघाईने प्रेक्षकांपुढे आल्या. क्लबची तिकिटं, चहा, फर्स्ट एड, भांडणं, सगळं त्याच बघायच्या. गुण लिहिणारा माणूस फ्लूने पडला होता. “एनीबडी हिअर डू अ स्कोअरशीट?” त्यांनी विचारलं. माझा हात माझ्याआधी वर गेला. त्या रविवारपासून मी टेबलावर बसायला लागले.

चार आठवड्यांत पॅटने माझ्याकडे शॉट क्लॉक दिलं. हे काम कुणालाच नको असायचं. चेंडू हातात आला, की त्या संघाने ठरलेल्या सेकंदांत तो बास्केटकडे फेकायचा, आणि तो निदान लोखंडी रिंगला तरी लागला पाहिजे. लागला, तर बटण दाबून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. नाही लागला, तर घड्याळ तसंच पळत ठेवायचं. त्याच वर्षी हे सेकंद तीसवरून चोवीसवर आले होते आणि सगळेच गोंधळले होते. मी तर जास्तच, कारण आमच्या मैदानावर असलं घड्याळच नव्हतं. बाबा रेघेवर उभे राहून मोठ्यांदा तीस आकडे मोजायचे, तेच आमचं घड्याळ. चोवीस झाल्यावर माझ्या डोक्यातले बाबा पुढे पंचवीस, सव्वीस मोजतच राहायचे, आणि मला त्यांना गप्प करावं लागायचं.

कर्टिस आमच्या घरी आला तो पंधरा दिवसांसाठी. क्लबने बाहेरून आणलेल्या खेळाडूंना एक घर दिलेलं होतं, त्याचं छत गळायला लागलं. पॅटने टेबलावर बसल्या बसल्या मला विचारलं, “लव्ह, तुमच्याकडे एक जादा खोली आहे ना?” मी हो म्हटलं आणि मग घरी येऊन मिलिंदला सांगितलं.

“किती उंच आहे?” त्याने विचारलं.

“सहा फूट आठ.”

“अगं, आपला पलंग सहा फुटांचा आहे!”

पलंगापुढे आम्ही दोन स्टुलं ठेवली आणि त्यांवर उशा. अमेरिकेतल्या कुठल्याशा गिरण्यांच्या गावातून आलेला हा तेहेतीस वर्षांचा माणूस अकरा वर्षं देशोदेशी खेळत फिरला होता. पहिल्याच दिवशी दारातून वाकून आत येताना त्याचं डोकं लागून आमचं दिवाळीपासून तसंच राहिलेलं तोरण तुटलं आणि तो कपाळावर कागदी आंब्याची पानं घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. इतका ओशाळला, की मीच त्याला सॉरी म्हटलं. आमच्याकडच्या पहिल्या आंघोळीला त्याला दिवाळीचं उरलेलं उटणं दिलं, तर तास झाला तरी बाहेर येईना. टबात बसलेला माणूस उठेना, असं मिलिंदने बाहेरून जाहीर केलं. गुडघा अडकला होता.

तो डावा गुडघा. प्रत्येक सामन्यानंतर सुजायचा, आणि कर्टिस त्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवून बसायचा. एकदा मी तीच पिशवी उसळीत घातली. तो मुकाट्याने जेवला आणि नंतर फ्रीजर उघडून बराच वेळ आत बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी नवी पिशवी आणली आणि मार्करने तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘गुडघा’ लिहिलं. पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. छत कधीच दुरुस्त झालं होतं. त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

मी पोळ्या लाटायची आणि तो कट्ट्याला टेकून मला गोष्टी सांगायचा. या खेळाचा जन्मच मुळी हिवाळ्यातला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली पोरं, म्हणून एका मास्तरांनी व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. चेंडू टोपलीत गेला, की कुणीतरी शिडी लावून तो काढायचा. टोपलीचा तळ कापावा, हे सुचायला किती वेळ लागला बघ, म्हणून तो हसायचा. पुढे लोक पैसे देऊन बघायला यायला लागले, तेव्हा सामने नाचाच्या हॉलमध्ये व्हायचे. भोवती तारेची जाळी लावलेली. खेळाडू जाळीवर आपटायचे, ओरबाडून निघायचे, आणि सामना संपला, की जाळी काढून त्याच जमिनीवर लोक नाचायचे. मला हे फार आवडलं. आमच्या हॉलमध्येही सात वाजले, की बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन दारात उभे असायचे आणि पॅट आम्हाला हाकलायच्या.

“आणि तुझं घड्याळ,” कर्टिस म्हणाला, “तू बसतेस ना, ते नसतं तर हा धंदाच बुडाला असता.” पुढे असलेला संघ चेंडू नुसता धरून बसायचा, लोक जांभया देत घरी जायचे. मग एका छोट्या गावातल्या संघाच्या मालकाने गणित मांडलं. ज्या सामन्यांतून लोक खूश होऊन घरी गेले, त्यांत चेंडू साधारण किती वेळा फेकला गेला ते काढलं आणि सामन्याच्या सेकंदांना त्याने भागलं. चोवीस आले. मी पोळी तव्यावर टाकून विचार करत राहिले. माणसं कंटाळू नयेत म्हणून कुणीतरी भागाकार केला आणि त्याचं उत्तर आज माझ्या बोटाखाली होतं.

आमच्या फ्रीजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली कर्टिसने एक फोटो लावला होता. त्याची मुलगी निया, दहा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे. ती आईजवळ राहायची. बापाला तिने खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. ती जन्मल्यापासून तो परदेशांतच खेळत होता. “पुढच्या ऑक्टोबरात ती येणार आहे,” तो म्हणायचा. “माझा पुढचा करार झाला, की तिची आई पाठवते म्हणालीय.” आणि कोच त्याला स्पष्ट म्हणाला होता, प्लेऑफ गाठले तर पुढच्या वर्षीही तूच, नाहीतर मला कुणीतरी तरुण बघावा लागेल. गुडघ्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही.

म्हणून तो हिवाळा आम्ही तिघांनी गुणतक्त्याकडे बघत काढला. आठ संघ प्लेऑफला जाणार, आमचा कधी सातवा, कधी दहावा. आठवडाभर कर्टिस प्राथमिक शाळांतून पोरांना शिकवायला जायचा, तेही त्याच्या नोकरीतलंच काम. पोरं त्याच्या बुटात दोन्ही पाय घालून उभी राहायची. रविवारी आम्ही मिलिंदच्या गाडीतून जायचो. कर्टिस पुढे, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, मी मागे. टेबलावर बसले, की मी त्याच्याकडे बघायची नाही. बाबा म्हणायचे, “टेबलावर बसलं का माणसाले टीम नसते, बाई.” आंतरशालेय सामन्यात त्यांनी स्वतःच्या शाळेविरुद्ध निर्णय दिला होता आणि हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. हे ते मला कौतुकाने सांगायचे. लहानपणी मला ते खडूसपणाचं वाटायचं.

शेवटचा सामना मार्चच्या शेवटच्या रविवारी होता. त्या पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली होती. निम्मे प्रेक्षक मध्यंतराला उगवले आणि चुकलं काय ते न कळून घड्याळांकडे बघत बसले. हरवलेली झोप हे कारण मलाही पुढे करता येईल, पण ते खरं नाही.

शेवटचं मिनिट चालू होतं. आम्ही एका गुणाने मागे. जिंकलो तर आठवे. चेंडू आमच्याकडे होता आणि शॉट क्लॉकवर पाच सेकंद उरले होते. आमच्या एका ठेंगण्या खेळाडूने लांबून चेंडू फेकला. ठण्ण झालं आणि माझ्या बोटाने बटण दाबलं. घड्याळावर चोवीस झळकले.

आमच्या नागपूरच्या मैदानावर रिंगमागचा बोर्ड लाकडी फळ्यांचा होता. त्यावर चेंडू आपटला, की धप्प व्हायचं. लोखंडाची वस्तू एकच, रिंग. ठण्ण म्हणजे रिंग, हे माझ्या कानाला कितीतरी वर्षं पढवलेलं होतं. इथे बोर्डाला खालून स्टीलची चौकट होती. चेंडू त्या चौकटीला लागून सरळ खाली आला होता. रिंग हलली नव्हती, जाळी हलली नव्हती. डोळ्यांना हे दिसलं, पण तोवर कानाने काम करून टाकलं होतं.

चेंडू कर्टिसच्या हातात पडला. त्याने एकदा वर घड्याळाकडे पाहिलं आणि चेंडू बाहेर दिला.

मी त्याच क्षणी भोंगा वाजवून खेळ थांबवायला हवा होता. नाही वाजवला. डोक्यात बाबा मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचला वेळ संपली. सहा. सात. मला ती बास्केट हवी होती. मला ऑक्टोबरात ते मोठे दोन दात आमच्या दारात बघायचे होते. बाबा वीसपर्यंत आले, तेव्हा कर्टिसने पाठीशी प्रतिस्पर्धी घेऊन, वळून, एका हाताने चेंडू अलगद वर सोडला. आत. हॉल उठून उभा राहिला. समोरच्या संघाने टाइमआउट घेतला, घड्याळ थांबलं, पॅटने माझ्या पाठीत धपाटा घातला. थोडेच सेकंद उरले होते. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी हात वर केला.

पंच टेबलापाशी आले. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “आर यू शुअर?” मी म्हटलं, “रिंगला लागला नव्हता. मी चुकून रीसेट केलं. पाच सेकंद कधीच संपले होते.” त्यांनी दोन्ही कोचना बोलावलं, बास्केट रद्द केली, मुख्य घड्याळ मागे घेतलं आणि चेंडू समोरच्यांना दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत आम्हाला मिळू दिला नाही. एका गुणाने हरलो. आमचा कोच माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. पॅट कागद गोळा करत राहिल्या. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही वाटलं नाही.

मिलिंदने आम्हाला घरी आणलं. कर्टिस न जेवता वर गेला. सकाळी मी पोहे केले, कारण दुसरं काय करावं ते कळेना. तो खाली आला, फ्रीजरमधून पिशवी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

“कर्टिस, आय ॲम सो सॉरी,” मी म्हटलं. “निया...”

“मी पाहिलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“घड्याळ. चेंडू हातात आला तेव्हा. तिथे चोवीस होते. अकरा वर्षं मी त्या आकड्याकडे बघून खेळतोय, जो. तिथे पाच असायला हवे होते.” माझं नाव त्याला कधी पुरतं झेपलं नाही. ज्योत्स्नाची त्याने पहिल्याच दिवशी जो करून टाकली होती.

“मग?”

“मग काय? चेंडू बाहेर दिला आणि देवाला म्हटलं, तिच्या लक्षात येऊ देऊ नकोस.” तो पिशवीवरून बोट फिरवत राहिला. “अख्ख्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. मी पंचांपासून तीन पावलांवर होतो.”

मी त्याच्या बशीत पोहे वाढले, आणखी वाढले.

“बस,” तो म्हणाला. हा एक मराठी शब्द त्याला चांगला येत होता, कधी वापरला मात्र नव्हता. मग म्हणाला, “आज नियाला फोन करायचाय. सगळं सांगणार आहे. माझं पाहणंसुद्धा.”

मी त्या दिवशी बाबांनाही फोन केला. सगळं सांगेपर्यंत फोन कार्डावरची मिनिटं सरत आली. बाबा एवढंच म्हणाले, “तो पोरगा जेवला का?” मी हो म्हटलं आणि मग मला फोनवर भरपूर रडू आलं.

एप्रिलमध्ये कर्टिस गेला. क्लबने त्याच्या जागी बावीस वर्षांचा मुलगा आणला, चांगला होता तोही. कर्टिसला विमानतळाच्या बसवर सोडून घरी आलो आणि फ्रीजर उघडला, तर आत मटारची नवीकोरी पिशवी. जुन्या पिशवीवरचं बघून त्याने मार्करने ‘गुडघा’ लिहिलं होतं. अक्षरं लहान मुलासारखी, आणि शिरोरेघ ओढायला लागला तो थेट पिशवीच्या कडेपर्यंत गेला होता. मिलिंद म्हणाला, “आपल्यापैकी कुणाचा गुडघा दुखतोय?” आणि दोघंही फ्रीजरचं दार उघडं टाकून उभे राहिलो.

त्यानंतर खेळ बराच मोठा झाला. आता सामने मोठ्या हॉलमध्ये होतात, खेळाडू आत येताना दिवे मालवतात, संगीत वाजतं, माझी लेक फोनवर अमेरिकेतले सामने बघते आणि मला नियम समजावते. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा नाहीत. टेबलावर मात्र अजून आमच्यासारखीच माणसं बसतात. दोन-तीन मुली मीच तयार केल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना कानात कापूस घालून बसवते. त्यांना वाटतं, बाई जरा विक्षिप्त आहेत.

कर्टिसचं पत्र आलं ते तीन वर्षांनी, अशाच घड्याळं मागे करायच्या आठवड्यात. गावातल्या शाळेत तो पोरांना शिकवतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नोकरी बरी आहे. शेवटी लिहिलं होतं, की सामन्यांना शॉट क्लॉकवर बसायला कुणी तयार नसतं, म्हणून निया बसते. गेल्या शुक्रवारी तिने शेवटच्या मिनिटात हात वर केला आणि आम्ही हरलो. घरी जाताना तिला आइसक्रीम घेऊन दिलं. सोबत एक फोटो.

तोच आता फ्रीजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली असतो. पुलाव शिजेपर्यंत मी गुडघ्यावर पिशवी ठेवून त्याच्यासमोर बसले. फोटोत एक शाळेचा हॉल आहे. रेघेपाशी कर्टिस दोन्ही हात पसरून टेबलाकडे बघत काहीतरी ओरडतोय. टेबलामागे निया बसलीय, दात आता तोंडाला शोभणारे, बोट बटणावर. तिचं लक्ष बापाकडे नाही. ती रिंगकडे बघतेय.